माझा कॅन्सर आणि ताकातली पावडर

मला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. 'होता' असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तो हाडांत गेलेला आहे आणि तिथून पुरता जाणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगण्यात आलं. सध्या तो गप्प आहे. मी चालतो, जेवतो, पेपर वाचतो आणि लोकांवर चिडतो. ज्यांना हे दुखणं नुकतंच कळलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांच्या घरी एखादा नातेवाईक हिरव्या झाकणाचा डबा ठेवून गेलाय, त्यांच्यासाठी खास.

मी तंजावूरचा. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं आधी हसतात, मग 'किती गोड' म्हणतात. देवनागरी मला माझ्या बायकोनं, नलिनीनं, लग्नानंतर शिकवली. ती सांगलीची, पदवीधर. हे सगळं तिनं वाचलंय, तिच्याबद्दलचा भागसुद्धा, आणि एक शब्दही खोडलेला नाही.

कळलं तो दिवस

नोकरीभर मी कालव्यांवर इंजिनियर होतो. जीपमधून बांधाबांधानं हिंडण्यात हाडं खिळखिळी झालेली, त्यामुळे कंबर दुखायला लागली तेव्हा मी दोष जीपला दिला. लघवीला सारखं उठावं लागायचं, तो दोष वयाला दिला. मग एकदा बाजारातून येताना रिक्षात पाय उचलून ठेवता येईना. रिक्षावाल्यानं माझा गुडघा धरून पाय आत ठेवला आणि म्हणाला, "सार, घरी नको, आस्पत्रीला सोडतो." मी त्याला घरीच सोडायला लावलं. नलिनीनं दारातून माझं चालणं पाहिलं आणि त्याच रिक्षात मला परत बसवलं.

रक्त, सुई घालून काढलेला तुकडा, हाडांचा स्कॅन, हे सगळं झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. वयानं आमच्या मुलीएवढी बाई. तिनं फोन उलटा ठेवला. डॉक्टर फोन उलटा ठेवतात तेव्हा काय ते समजावं.

"कॅन्सर आहे. मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरलाय. मुळापासून बरा करता येणार नाही. पण दाबून ठेवता येतो आणि पुष्कळांत तो चांगला दबून राहतो."

नलिनीनं विचारलं, "किती दिवस?"

"ते मला माहीत नाही अम्मा. जो खात्रीनं सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका."

मग तिनं समजावलं. हा रोग पुरुषाच्या हार्मोनवर पोसतो. ते हार्मोन इंजेक्शननं बंद करायचं, सोबत गोळ्या द्यायच्या आणि दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायचं. कालव्याचं शटर खाली केलं की पुढच्या शेताला पाणी नाही, हे मला कळायला अवघड नव्हतं. 

बाहेरच्या बाकावर आम्ही कॉफी घेतली. नलिनी गॅस सिलिंडरबद्दल बोलायला लागली. बुकिंग करायचं राहिलंय, परवा तरी येईल का, रेग्युलेटर पण सैल झालाय. ती बोलत राहिली आणि मी मान हलवत राहिलो. दोघंही रडलो नाही. सिलिंडर संपला असता तर कदाचित रडलो असतो.

इंजेक्शनानंतरचा माणूस

इंजेक्शन पोटात देतात. दुखत नाही. दुखतं ते नंतर, आणि ते पोटात नाही.

मार्गळीच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या, थंडीत, सगळं गाव कानाला मफलर बांधून हिंडत असताना, मी बनियन काढून पंख्याखाली घामानं निथळत बसायचो. बायकांना पाळी जाताना होतं तेच. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी डोळ्यांत पाणी. छाती दुखरी झाली, किंचित वर आली. नवराबायकोमधलं जे काही या वयात उरलं होतं ते संपलं. डॉक्टरीणबाईंनी हे सगळं आधी सांगितलं होतं, पण सांगितलेलं आणि झालेलं यांत फरक असतो.

बाह्यरुग्ण विभागाच्या व्हरांड्यात आमच्यासारखे पुष्कळ बसलेले असत. कुणी वेष्टीत, म्हणजे आमच्याकडच्या धोतरात, कुणी पॅंटमध्ये, सगळे भिंतीकडे बघणारे. इंजेक्शनच्या खोलीतली सिस्टर मात्र फार शहाणी होती. माझा शर्ट वर करण्याआधी ती पडदा नीट ओढायची आणि कधीही 'काय तात्या' छापाची लाडीक भाषा वापरायची नाही. आजारी माणसाला मान देणारं कुणी भेटलं की अर्धं औषध तिथेच मिळतं.

फुकटचे वैद्य

कॅन्सर झाल्याचं गावाला कळलं की तुमचं घर धर्मशाळा होतं. ज्यांनी उभ्या जन्मात जीवशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, ते तुमच्या पेशींबद्दल बोलायला लागतात. एकीनं सांगितलं, रामफळाच्या पाल्याचा काढा घ्या. एकानं लिंबू-सोडा. एकानं गोमूत्र, तेही काळ्या गाईचंच. शेजारचे निवृत्त तहसीलदार म्हणाले की साखर सोडली तर कॅन्सर उपाशी मरतो. हे ते आमच्याच घरी दुसऱ्यांदा केसरी, म्हणजे शिरा, वाढून घेताना म्हणाले.

या सगळ्यांचा मुकुटमणी माझा मावसभाऊ हणमंत. विम्याचा एजंट. तो फोन पुढे करून व्हिडिओ दाखवायचा.

"अण्णा, केमिकल अंगात घालू नका. हे निसर्गाचं आहे. साइड इफेक्टच नाही."

"सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेतोस ती कुठल्या झाडाला लागते?"

"ते वेगळं."

"आणि कण्हेर निसर्गातच असते. बी खाऊन बघ."

त्याला राग येत नाही, हेच त्याचं भांडवल. मी काही काढ्यांचा वैरी नव्हे. सर्दीला ओवा मीही हुंगतो. सरकारी इस्पितळातले एक वैद्य, सिद्ध या तमिळ औषधपद्धतीचे, माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना विचारलं तर ते म्हणाले, "माझ्याकडे आला असतात तर मी तुम्हाला आधी कॅन्सरच्या डॉक्टरांकडेच धाडलं असतं." खरा वैद्य असं बोलतो. मला तिटकारा आहे तो दुकानदारांचा.

हणमंताचा दुकानदार ओरत्तनाडुच्या रस्त्यावर एका लग्नाच्या मंडपात, म्हणजे मंगल कार्यालयात, बसायचा. लोक त्याला मूलिकै अय्या म्हणत. मूलिकै म्हणजे जडीबुटी. हणमंताची कटकट थांबावी म्हणून मी एकदा गेलो. पांढरी शुभ्र वेष्टी, गळ्यात रुद्राक्ष, मागे त्याचाच भलामोठा फोटो. समोर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर माणसं. कुणाला गाठ, कुणाचं मूत्रपिंड निकामी, एका बाईच्या मांडीवर न बोलणारं मूल. सगळ्यांना त्याच पावडरीचा हिरव्या झाकणाचा डबा. हा गृहस्थ पूर्वी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा, हे मला मंडपाच्या वॉचमननं सांगितलं.

त्यानं माझी नाडी धरली, डोळे मिटले आणि म्हणाला, "उष्णता हाडांत उतरलीय."

"ते स्कॅनमध्ये आहे. फाइल तुमच्यासमोर उघडीच आहे," मी म्हणालो.

तो हसला. "इंजेक्शन चालू ठेवा. माझं औषध त्याच्या जोडीला घ्या."

त्याच रांगेत माझ्या पुढे असलेल्या एका शेतकऱ्याला तो मघाशीच म्हणाला होता, "इंजेक्शन बंद करा, दोन्ही एकत्र चालत नाही." तेव्हा मला वाटलं, हा माणूस बरळतोय. नंतर घरी विचार केला तेव्हा कळलं, बरळत नव्हता. ज्याचे डॉक्टर पक्के त्याला जोडीला द्यायचं. आकडा उतरला की श्रेय पावडरीचं. ज्याला इस्पितळात जाणंच परवडत नाही किंवा नकोसं झालंय, त्याला पुरतंच आपल्याकडे ओढायचं. मेला तर उशिरा आला म्हणायचं. जडीबुटीचं ज्ञान त्याला नसेल, माणसाच्या भीतीचं मात्र बरोबर होतं.

मी डबा न घेता उठलो. हणमंत मागे रेंगाळला. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पिवळे डोळे

गोळ्या-इंजेक्शनांनी काम केलं. पीएसए नावाचा जो आकडा आमच्या नशिबाला बांधलेला असतो, तो शेकड्यांतून खाली आला, मग आणखी खाली. कंबर दुखायची थांबली. मी पुन्हा स्वतः मंडईत जायला लागलो.

आणि मग जेवणावरची वासना गेली. अंगाला खाज सुटली. लघवीचा रंग कोऱ्या चहासारखा. एका सकाळी दाढी करताना आरशात पाहिलं तर डोळे पिवळे.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि कॅन्सरच्या गोळ्या तिथल्या तिथे बंद केल्या. "यकृताला सूज आहे. या गोळ्यांनीही कधी कधी होतं. पण तुम्ही दुसरं काही घेताय का? काढा, चूर्ण, टॉनिक?"

"मी?" माझा आवाज चढला. "असल्या भोंदू लोकांना मी दारात उभं करत नाही."

"सार, मी रागावणार नाही. काही घेत असाल तर सांगा."

"मूर्खांचं काम आहे ते," मी म्हणालो. शेजारी नलिनी पदराचं टोक गुंडाळत होती.

रिक्षात ती बाहेर बघत बसली. मोठ्या देवळाचं गोपूर मागे गेल्यावर हळूच म्हणाली, "ताकात घालत होते."

"काय घालत होतीस?"

"हणमंतभावोजींनी डबा आणून दिला होता. दुपारच्या ताकात. हिंग-कढीलिंबाच्या फोडणीत कळायचं नाही."

मी तिच्याशी बोललो नाही. घरी आल्यावर बोललो, आणि जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तुझी पदवी पाण्यात गेली इथपासून सुरुवात होती. हणमंतासाठी साठवलेलं, त्या रुद्राक्षवाल्यासाठी साठवलेलं, सगळं तिच्या अंगावर ओतलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"अहो, तुम्ही चिडायचं काम घेतलंत. इंजेक्शन सिस्टर देतात. गोळ्या तुम्ही घेता. मला काय होतं करायला? नुसतं बसून तुमच्याकडे बघायचं?"

मी डबा कुठंय एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी डबा घेऊन इस्पितळात गेली. परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. डॉक्टरीणबाई तिला एका शब्दानंही रागावली नव्हती. तिनं डबा फिरवून फिरवून पाहिला होता. वर नुसतं 'दुर्मीळ मूलिकांचं मिश्रण' एवढंच. "यात काय आहे मला माहीत नाही अम्मा. बहुतेक विकणाऱ्यालाही नसेल," एवढंच ती म्हणाली होती.

यकृत निवळेपर्यंतचा काळ वाईट गेला. कॅन्सरच्या गोळ्या बंद, आणि तो आत काय करतोय याची कल्पना नाही. कमरेत साधी उसण भरली तरी आम्ही एकमेकांकडे बघायचो. नलिनी मऊ भात आणि बिनफोडणीचं ताक पुढे ठेवायची, आणि मी पहिला घोट घेईपर्यंत उभी राहायची. एकदा मी म्हणालो, "काय गे, आता काय घातलंस?" ती हसेल असं वाटलं होतं. ती आत निघून गेली. असल्या गोष्टी लगेच थट्टेत काढता येत नाहीत.

शेवटी कावीळ उतरली. गोळ्या कमी मात्रेनं पुन्हा सुरू झाल्या. पावडर नव्हती आणि यकृतानं तक्रार केली नाही. पावडरीनंच झालं असं कोर्टात कुणी शपथेवर सांगणार नाही. मला शपथेची गरज नाही.

माझा आकडा त्यांच्या व्हिडिओत

हणमंत पुन्हा आला तो नारळ घेऊन. कावीळ झाल्याचं त्याच्या कानावर होतं. "पण अण्णा," तो म्हणाला, "आकडा उतरला की!"

मी त्याला नारळासकट बाहेर काढलं. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की माझे उतरत्या आकड्यांचे रिपोर्ट त्यानं नलिनीकडून फोनवर मागवून त्या मंडपवाल्याला धाडले होते. लवकरच व्हिडिओ फिरायला लागला. 'तंजावूरचे निवृत्त कालवा इंजिनियर, हाडांतला कॅन्सर, आमच्या औषधानं गुण.' खाली माझा रिपोर्ट, नाव तेवढं पुसलेलं. अशी ओळख सांगितल्यावर आमच्या गावात नाव पुसून काय उपयोग?

एका संध्याकाळी फाटकाशी मोपेड थांबली. तरुण मुलगी चालवत होती, मागे तिचा बाप, तोंड वेदनेनं आवळलेलं. मुलीचं नाव सेल्वी, बापाचं पेरियसामी. ओरत्तनाडुच्या पलीकडे त्यांची भाताची शेती. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. मंडपातल्या रांगेत माझ्या पुढे होता, तोच.

सेल्वी म्हणाली, "सार, अप्पांनी इंजेक्शन सोडलंय. मी सांगून थकले. ते म्हणतात, इंजिनियर सार बरे झाले ते पावडरीनंच. तुम्हीच सांगा."

मी सुरू झालो. मंडपवाल्याचा इतिहास, पाण्याची यंत्रं, बिननावाचा डबा, सगळं. पेरियसामी शांतपणे ऐकत होता. मला दम लागला तेव्हा तो म्हणाला, "अय्या, एकच सांगा. तुम्ही ती पावडर घेतली की नाही?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "घेतली," मी म्हणालो.

तो मुलीकडे वळला. "बघ."

त्या एका शब्दापुढे माझं सगळं शिक्षण, माझा सगळा तिरस्कार फुकट होता. माणूस चुकत होता आणि मी त्याच्या बाजूचा पुरावा होतो.

नलिनी आतून आली. इतकी वर्षं इथे काढूनही तिचं तमिळ सांगलीचंच आहे. ती खुर्ची ओढून पेरियसामीसमोर बसली.

"त्यांनी नाही घेतली. मी घातली. त्यांना न सांगता. आकडा त्याच्या आधीच उतरायला लागला होता, इंजेक्शननं. पावडरीनंतर डोळे पिवळे झाले. खरं औषध बंद करावं लागलं. मी यांना मारलंच असतं."

"अम्मा, तुम्ही तर शिकलेल्या. मग का घातलीत?"

"घाबरले होते. तुम्ही कशामुळे इंजेक्शन सोडलंत?"

पेरियसामीनं मुलीकडे पाहिलं. नलिनीनं ते ओळखलं आणि सेल्वीला कॉफीच्या निमित्तानं आत नेलं. आम्ही दोघंच उरल्यावर तो अंगणाकडे बघत म्हणाला, "इंजेक्शननं माणूस पुरुष राहत नाही, अय्या. घरात तोंड दाखवायची लाज वाटते. त्यानं सांगितलं, त्याच्या औषधात तसलं काही होत नाही."

म्हणजे हा पावडरीला भुललेला नव्हताच. तो त्या एका आश्वासनाला भुलला होता आणि ते त्याला पैलतीरावर पोचवणार होतं. मी मूर्ख मूर्ख म्हणून ज्यांना हिणवत होतो त्यांतल्या एकालाही मी कधी 'का' म्हणून विचारलं नव्हतं.

मी शर्टाची वरची बटणं काढली आणि छाती दाखवली. "हे बघा. माझंही असंच झालंय. घाम, रडू, सगळं. बायकोजवळ नुसतं झोपतो. ती अजून याच घरात आहे आणि भांडते पण."

त्यानं पाहिलं. मग त्याला हसू फुटलं, लगेच कळ आली म्हणून तो कण्हला.

सकाळी आम्ही चौघं इस्पितळात गेलो. सोडलेल्या इंजेक्शनांची किंमत त्यानं मोजली होती. मणका दबायला लागला होता. आणखी थोडा उशीर झाला असता तर पाय गेले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. पाठीला शेक द्यावा लागला, म्हणजे रेडिएशन, आणि इंजेक्शन पुन्हा सुरू झालं. आता तो काठी घेऊन बांधावर जातो. चिखलणी करणं त्याला जमत नाही आणि जमणारही नाही. तेवढं त्या डब्यानं नेलं.

मी लेखी तक्रार केली. चौकशी चालू आहे असं उत्तर मिळालं, आणि मंडपात अजून खुर्च्या मांडल्या जातात. हणमंत आता आमच्याकडे येत नाही, म्हणजे तेवढा गुण आला म्हणायचा. माझा रिपोर्ट मात्र व्हिडिओतून काढलाय. त्या जागी कुंभकोणम् भागातले कुणी निवृत्त हेडमास्तर आहेत. आकडा छान उतरलाय त्यांचा. मी त्यांना ओळखत नाही. तो व्हिडिओ तुमच्या फोनवर आला तर पावडर कुठे मिळते ते विचारू नका. हेडमास्तर इंजेक्शन कुठे घेतात ते विचारा.